पात्र, अपात्र आणि प्रेक्षक

दिवाळीत आठ-दहा दिवस कळंब तालुक्यातल्या मावसभावाकडे राहणे झाले. वेचणीचे दिवस. मधल्या खोलीत छातीइतका कापूस साठलेला, आणि त्याला पाठ टेकून रात्री जेवणानंतर आम्ही दोघे लॅपटॉपवर सिनेमे पाहत होतो. निवड माझी होती आणि ती माझ्या व्यवसायाला साजेशीच होती. 'गाभ्रीचा पाऊस', 'पिपली लाइव्ह', 'नीरोज गेस्ट्स' आणि 'शेरनी', म्हणजे विदर्भातल्या, त्यातही यवतमाळच्या, दुःखाशी थेट किंवा वळसा घालून नाते सांगणारे चार चित्रपट. भाऊ निमूट पाहत होता. तो कास्तकार आहे, सिनेमाचा शौकीन आहे, आणि पाहुण्याने लावलेले काही अर्ध्यावर बंद करण्याची आमच्याकडे रीत नाही. तिसऱ्या रात्री मात्र त्याने विचारले, "काऊन भाऊ, या सिनेमातले कास्तकार कधी सिनेमा पाहत नाईत काय?"

मी आठवून पाहिले. एकही प्रसंग पटकन आठवेना. जो माणूस माझ्या शेजारी बसून सिनेमा पाहत होता, त्याच्यावरचे सिनेमे पाहत होता, तो सिनेमा पाहू शकतो ही शक्यताच त्या सिनेमांच्या जगात कुठे धरलेली दिसेना. हा लेख त्या प्रश्नाचा आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच उघड सांगतो: विदर्भाच्या शेतकऱ्याविषयीची आपली गंभीर कला, आणि तिच्यावरची आपली गंभीर समीक्षा, त्याला पात्र म्हणून स्वीकारते, प्रेक्षक म्हणून तो तिच्या लेखी अपात्र असतो.

हे दोन शब्द मी कोटीसाठी वापरत नाही. यवतमाळ जिल्ह्यात ते रोजच्या वर्तमानपत्रातले शब्द आहेत. शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जाते. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, ते थकले होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. पात्र ठरले तर २००६ च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाला एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपात. जमीन सासऱ्याच्या नावे असलेली बाई, दुसऱ्याचे शेत मक्त्याने करणारा माणूस, नातेवाइकाकडून उसने घेतलेला माणूस हे सगळे मरणानंतर या शब्दाच्या पलीकडे ढकलले जाऊ शकतात. नाट्यशास्त्रातला एक शब्द महसूल खात्याने उचलला आणि त्याचा अर्थ असा करून टाकला, की मेल्याशिवाय पात्र होता येत नाही. आपल्या चित्रपटांनी या अर्थात फारसा बदल केलेला नाही, असे मला वाटते.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या सगळ्यांत सरस आहे, हे आधीच मान्य करतो. शीर्षकातच वऱ्हाडी शिवी आहे. ती पावसाला दिलेली आहे आणि तिच्यात रागाइतकीच सलगी आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाच्या मनात भीती शिरते की आपला किसनाही तेच करील. ती लहान मुलाला बापाच्या मागावर ठेवते, गोडधोड करते, सासूला विश्वासात घेते. किसना मात्र बियाण्यामागे आणि आभाळाकडे डोळे लावून दुबार पेरणीच्या चक्रात सापडलेला आहे. घरातल्या या पहाऱ्याची त्याला जाण नाही. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष या तिघांनीही ही कामे ओढूनताणून केलेली नाहीत. बापाच्या मागे मागे फिरणाऱ्या पोराच्या दृश्यांत हसू येते आणि हसता हसता आत काही आवळले जाते. मराठीत हे क्वचित जमते.

पण याच रचनेकडे पुन्हा पाहू. हा चित्रपट 'पाहण्या'विषयीचा आहे. बायको पाहते, पोर पाहते, म्हातारी पाहते. सगळ्यांच्या नजरेत एकच प्रश्न: हा मरेल का? आणि थिएटरात बसलेले आपणही तीच नजर उसनी घेतो. किसना दोर उचलतो तेव्हा आपल्याला बैल आठवत नाही, फास आठवतो. तो विहिरीशी उभा राहतो तेव्हा आपण पाण्याची पातळी पाहत नाही. त्याची प्रत्येक साधी कृती अपशकुन होऊन जाते. दिग्दर्शकाला याची जाण असावी. अलकाच्या संशयातला विनोद त्याने याच जाणिवेतून काढला आहे. तरीही दोन तास आपण एका माणसाच्या मरणाची वाट पाहत बसलेले असतो, आणि त्या माणसाला स्वतः काय पाहायला आवडते हे आपल्याला ठाऊक होत नाही. हा चित्रपट रॉटरडॅमच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तो पांढरकवड्यात, घाटंजीत, राळेगावात किती जणांनी पाहिला हा प्रश्न आपण विचारलेला नाही. आपल्या समीक्षेत तो प्रश्नच बसत नाही.

'पिपली लाइव्ह'च्या वेळी (ऑगस्ट २०१०) आमच्याकडे निराळेच नाटक झाले. विदर्भ जन आंदोलन समितीने चित्रपटावर बंदीची मागणी केली. शेतकरी भरपाईच्या पैशासाठी मरायला तयार होतो असे दाखवून त्याचा अपमान केला, हा आक्षेप. ज्या संघटनेने वर्षानुवर्षे एकेक आत्महत्या नोंदवून सरकारला जाब विचारला, तिचा संताप समजण्यासारखा होता. पण आक्षेप चुकीचा होता असे तेव्हाही वाटले आणि आज पुन्हा पाहतानाही वाटले. अनुषा रिझवींचा नत्था पैशासाठी मरायला निघत नाही. जमीन जाऊ नये म्हणून त्याला मरायला 'नेमले' जाते, आणि नेमणारा त्याचा सख्खा भाऊ असतो. ती पात्र-अपात्रच्या व्यवहाराचीच उलटतपासणी आहे. शिवाय या चौघांपैकी याच चित्रपटातले गाव खऱ्या अर्थाने बोलते. खाटेवरून शिव्यांची लाखोली वाहणारी म्हातारी अम्मा ही कोणाच्या सहानुभूतीची वाट पाहत नाही. महागाईवरचे गाणे भोपाळजवळच्या बडवई गावातल्या मंडळींनी रघुवीर यादवांबरोबर म्हटले आहे; ढोलकी-झांजांचा तो आवाज स्टुडिओत घासूनपुसून गुळगुळीत केलेला नाही. नगीन तन्वीर यांच्या आवाजातले छत्तीसगढी गीत तर हबीब तन्वीरांच्या नाट्यपरंपरेतून थेट आलेले. नत्थाचे काम करणारे ओंकारदास माणिकपुरीही त्याच 'नया थिएटर'चे नट. म्हणजे ज्या चित्रपटावर अपमानाचा आरोप झाला, त्यातच गावाला स्वतःचा सूर होता. फक्त तो सूर आमचा नव्हता. कथा 'मुख्य प्रदेश' नावाच्या काल्पनिक राज्यात घडते.

हे स्थलांतर हा यवतमाळच्या चित्रपटीय इतिहासाचा स्थायीभाव आहे. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तिच्यावरचा चित्रपट निघाला तो हिंदीत. ज्या कादंबरीचे बळ तिच्या बोलीत आहे तिची बोलीच काढून घेतल्यावर जे उरते त्याला कथानक म्हणतात. 'शेरनी'चे (२०२१) उदाहरण याहून बोलके आहे. पांढरकवडा-राळेगाव परिसरातली टी-वन वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली गेली. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. शहरांतल्या प्राणिमित्रांनी तिचे 'अवनी' असे नामकरण केले, मेणबत्त्या लावल्या, न्यायालयात धाव घेतली. अमित मसुरकर यांच्या चित्रपटावर या घटनेची छाया उघड आहे, पण वाघीण मध्य प्रदेशात गेली, तिचा क्रमांक बारा झाला, गावाचे नाव बदलले. चित्रपट वाईट नाही. वनखात्यातल्या सुस्तीचे, पुढाऱ्यांच्या कुरघोडीचे आणि एका बाई अधिकाऱ्याच्या हताशेचे चित्रण त्यात संयमाने केलेले आहे. परंतु वाघिणीला नाव मिळाले, अधिकाऱ्याला नाव मिळाले, आणि तेरा माणसे मात्र आकडाच राहिली. गुरे राखणारी, शेतावर गेलेली ती माणसे कोण होती? त्यांतल्या एकाचेही नाव मी, याच जिल्ह्यातला माणूस, न अडखळता सांगू शकत नाही. अवनीचे सांगतो. हा दोष मसुरकरांचा नाही, माझा आहे. पण तो केवळ माझा नाही.

'नीरोज गेस्ट्स' (२००९) या दीपा भाटियांच्या माहितीपटाचे नावच प्रेक्षकाविषयी आहे. टॅसिटसने लिहून ठेवलेली हकीकत पी. साईनाथ सांगतात: नीरोने आपल्या बागेत माणसांना जाळून रात्रीचा उजेड केला. साईनाथांचा प्रश्न नीरोविषयी नाही, त्या उजेडात जेवणाऱ्या पाहुण्यांविषयी आहे. कापसाची वस्त्रे मिरवणाऱ्या मुंबईच्या फॅशन सोहळ्याला ५१२ पत्रकार आणि विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या मरणाची बातमी करायला बाहेरून आलेले जेमतेम सहा, ही त्यांनी अनेकदा सांगितलेली गोष्टही त्याच जातीची. हा माहितीपट मी वर्गात तीनदा दाखवला आहे आणि तिन्ही वेळा मान खाली घालून बसलो आहे. भावाबरोबर पाहताना मात्र काहीतरी बिघडले. त्या रूपकात दोनच जागा आहेत: जळणारा आणि पाहुणा. मी पाहुण्याच्या जागी बसतो, लाजतो आणि ती लाज मला एक प्रकारची प्रतिष्ठा देते. माझ्या शेजारी बसलेल्याने कुठे बसावे? तो पाहुणा नाही. आणि जळणाराही नाही. तो जिवंत आहे, त्याला उद्या वेचणीला बायका मिळतील की नाही याची चिंता आहे, आणि तो सिनेमा पाहतो आहे. त्याने तो प्रश्न विचारला तो याच रात्री.

याला एक अपवाद नोंदवायला हवा. मिका पेलेड यांच्या 'बिटर सीड्स'चे (२०११) चित्रीकरण आमच्याच जिल्ह्यातल्या तेलंग टाकळी गावात झाले. त्यात गावातली एक कॉलेजात जाणारी मुलगी पत्रकार व्हायचे ठरवते आणि घरोघर जाऊन स्वतः प्रश्न विचारते. आत्महत्या तिच्याही घरात झालेली आहे. बीटी बियाण्याला एकटे आरोपी करणारी त्या चित्रपटाची मांडणी मला एकांगी वाटते. सिंचन, पतपुरवठा आणि कापसाची जागतिक बाजारपेठ हे त्यात दुय्यम होऊन बसतात. पण वही-पेन घेतलेली ती मुलगी लक्षात राहते, कारण ती पाहिली जात नाही, पाहते.

आता ऐकण्याकडे वळू. इथे माझी तक्रार अधिक कडवट आहे. शेतकऱ्यावरच्या गंभीर चित्रपटाचा ध्वनी आता ठरून गेला आहे. वारा, कावळा, विहिरीचा रहाट, लांबून एक बासरी, आणि अगदी शेवटी एक भग्न आलाप. जणू दारिद्र्य म्हणजे शांतता! ज्यांनी यवतमाळचे एखादे गाव ऐकले आहे त्यांना हे हास्यास्पद वाटेल. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आणि तुकडोजी महाराजांची भजने भोंग्यावर असतात. खंजिरीचा ठेका आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कानांत बसलेला आहे. सत्यपाल महाराजांचे सप्तखंजिरीचे कीर्तन असले की पाच कोसांवरून माणसे येतात आणि हुंड्यावर, दारूवर, बुवाबाजीवर पोट धरून हसतात. एप्रिलमध्ये भीमगीते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर होळीला लेंगी. कोलाम-गोंडांच्या पाड्यांवर दंडार आणि ढेमसा. या सगळ्यावर मात करणारा लग्नातला डीजे वेगळाच.

आणि पोळ्याच्या झडत्या. ज्यांनी त्या ऐकल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना शेतकरी मोठ्याने रचना म्हणतात. यमक असते, टोला असतो, आणि कापसाच्या भावापासून मंत्र्याच्या आश्वासनापर्यंत काहीही त्यातून सुटत नाही. एकाची झडती संपते न संपते तोच दुसरा तिला उत्तर देतो. शंभर-दोनशे माणसे स्वतःच्याच दैन्यावर, स्वतःच्याच मूर्खपणावर हसत असतात. ज्याच्याकडे ही उपरोधाची शक्ती आहे त्याला आपण आठ रसांपैकी फक्त करुण वाटून दिला. हास्य त्याच्या वाट्याला आले ते दूरचित्रवाणीवर, आणि तेही उलटे: तिथे वऱ्हाडी उच्चारालाच हशा मिळतो, काय बोलले गेले ते गौण. चित्रपटात रडण्यासाठी वऱ्हाडी, विनोदी कार्यक्रमात हसण्यासाठी वऱ्हाडी. विचार करण्यासाठी प्रमाण मराठी, अशी ही वाटणी आहे. बोरी अरबच्या शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' गावोगाव सादर केला तेव्हा त्यात हसणे आणि कळवळणे एकाच वाक्यात असे. २०१६ साली ते गेले. आमच्या अभ्यासक्रमांत बडे यांची कविता कधीमधी डोकावते, गुलब्या येत नाही. कारण तो 'सादरीकरण' आहे, 'साहित्य' नाही.

चित्रपटांनी गाळलेल्या या ध्वनीत एक दुखरी गोष्टही आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवनयात्रा संपवली. महाराष्ट्रातली जाहीर चर्चा झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद होते आणि २०१७ पासून त्या दिवशी अन्नत्याग केला जातो. करपे अनेक वर्षे सरपंच होते. त्यांना संगीताची आवड होती, आणि त्या शेवटच्या रात्रीही ते भजन म्हणाले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. गाणारा, सरपंच राहिलेला, बऱ्यापैकी जमीन असलेला माणूस. या माणसावर पटकथा लिहायला बसणाऱ्याला आधी ते भजन काढून टाकावेसे वाटेल, अशी मला धास्ती वाटते. कारण गाणारा माणूस आपल्या साच्यातल्या 'बळी'त बसत नाही. आणि ते भजन काढले की त्या रात्रीचे भयही निघून जाते.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्याच अध्यापक-कक्षातून येतो: शेतकऱ्याला तुमचे गंभीर चित्रपट नकोच असतात, तो मोबाइलवर डब केलेले तेलुगू मारधाडपट पाहतो. पाहतो, खरे आहे. माझाही भाऊ पाहतो. त्यात नवल काय? वणी-झरी-पांढरकवड्याला तेलंगणा लागून आहे. तेलुगू आमच्या बाजारात ऐकू येते. पण तो काय पाहतो हे आपण कधी विचारले आहे? भावाने मला सांगितलेल्या चार चित्रपटांपैकी दोन शेतीवरचे निघाले. एक महेश बाबूंचा 'महर्षी' (२०१९). दुसरा चिरंजीवींचा 'खैदी नंबर १५०' (२०१७), म्हणजे मुरुगदास यांच्या 'कत्ती' (२०१४) या तमिळ चित्रपटाची तेलुगू आवृत्ती. 'कत्ती'त एक प्रसंग असा आहे, की कंपनीने जमीन गिळलेल्या गावातले म्हातारे आपल्याकडे कोणी पाहत नाही म्हणून कॅमेऱ्यासमोर स्वतःचे गळे चिरतात. पाहिले जाण्यासाठी मरावे लागणे हा 'पिपली'चाच विषय. फरक इतका, की तिथे मग दुहेरी भूमिकेतला नायक शहराचे पाणी तोडतो आणि गावाची जमीन परत मिळवतो. हे भाबडे स्वप्नरंजन आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. नायक नेहमी बाहेरून येतो आणि गावकरी टाळ्या वाजवतात, यात त्या चित्रपटांचाही प्रेक्षकावरचा अविश्वास दिसतो. परंतु दोन तास मरणाची वाट पाहायला लावणारा चित्रपट आणि दोन तासांनी शेतकऱ्याला जिंकलेला दाखवणारा चित्रपट यांतला दुसरा एखाद्या शेतकऱ्याने निवडला तर त्याला अभिरुचीचा अभाव म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? 'सैराट'ने (२०१६) हेच दाखवून दिले होते की गाव तिकीट काढून सिनेमाला जाते, जर पडद्यावर त्याचे गाणे वाजत असेल.

शेतकरी हा प्रेक्षक असतो हे ज्यांनी गृहीत धरले त्यांचे उदाहरण आमच्या सीमेला लागूनच आहे. झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम धानाच्या हंगामावर बेतलेला असतो. धान घरात आले, हाती चार पैसे आले, शंकरपट भरला की मंडईत नाटक. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे. वडसा हे तिथले केंद्र. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर आपल्यातल्या अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. त्या नाटकांत भडकपणा भरपूर आहे, पण तिथला शेतकरी पैसे टाकून आलेला रसिक आहे, आणि नाटक पडले तर तो तसे सांगतो. याहून मागे जायचे तर जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात फसवला जाणारा कुणबी आहे आणि त्याची बायको आहे. आणि नाटकभर विदूषक जो टोकत राहतो तो त्यांच्यासारख्याच प्रेक्षकासाठी. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मधली प्रकरणे फुल्यांनी गावोगाव लोकांना वाचून दाखवली. पात्र आणि श्रोता एकच असू शकतो, ही गोष्ट मराठी साहित्याला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होती. नाट्यशास्त्र स्वतःला सर्व वर्णांसाठीचा पाचवा वेद म्हणवते. आपण 'सहृदय' तेवढा उचलला आणि त्याला शहरात घर घेऊन दिले.

यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनात (जानेवारी २०१९) काय झाले ते सर्वांना स्मरत असेल. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, नाचक्की झाली, आणि मग उद्घाटनासाठी राजूरच्या वैशाली येडे यांना बोलावण्यात आले. निमंत्रण मागे घेण्याचा निषेध मी तेव्हा केला, आजही करतो. पण मला खटकलेली दुसरी गोष्ट अशी, की मंडपात आणि बातम्यांत बहुतेक ठिकाणी येडे यांची ओळख आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची विधवा अशीच आधी करून दिली गेली. त्या त्याआधीच 'तेरवं' या नाटकात काम करीत होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या नाटकात भूमिका करणाऱ्या स्त्रिया याच दुःखातून आलेल्या आहेत. (त्यावर २०२४ मध्ये चित्रपटही आला.) म्हणजे साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर एक रंगकर्मी उभी होती आणि साहित्यिकांनी विधवेला टाळ्या दिल्या. नवऱ्याच्या मरणामुळे पात्र ठरलेली बाई आपल्याला दिसली. तालमी करून पात्र उभे करणारी बाई दिसली नाही. आपल्याला सहगल बाईंचे शब्द नाकारले गेले याचा राग आला, तो रास्तच होता. दुसऱ्या बाईची कला नाकारली गेल्याचा राग कोणालाच आला नाही.

हा आरोप मी आधी स्वतःवर ठेवतो. 'चित्रपटातील शेतकरी जीवनाचे चित्रण स्पष्ट करा' असा प्रश्न मी कित्येक वर्षे विचारत आलो. गेल्या वर्षी एका मुलाने लिहिले होते, 'शेतकऱ्यांचे जीवन अतिशय हलाखीचे असते, त्यांना समाजाने आधार दिला पाहिजे.' तो मुलगा सकाळी वडिलांबरोबर कापूस गाडीत भरून मग कॉलेजात आला होता. बाहीवर रुई चिकटलेली होती. 'त्यांचे' जीवन, 'समाजाने' आधार! हे अंतर त्याला कोणी शिकवले? मी शिकवले. माझ्या प्रश्नाने त्याला सांगितले की या चित्रपटात तुझे काम पात्राचे आहे, आणि परीक्षेत काम प्रेक्षकाचे, तेव्हा दुसरे करताना पहिले विसर. त्याला मी दहापैकी सात गुण दिले. या वर्षी प्रश्न बदलला आहे: 'हा चित्रपट तुमच्या घरी सर्वांनी पाहावा आणि कोणाला काय खटकले ते लिहावे.' उत्तरे येताहेत. एकीच्या आजीला 'गाभ्रीचा पाऊस'मधला पेरा पटलेला नाही. एकाच्या वडिलांनी 'पिपली' पाहताना नत्थाच्या भावाला शिव्या दिल्या आणि मग स्वतःच्या भावाला फोन केला. समीक्षा म्हणून यांचे काय करायचे ते मला अजून उमगलेले नाही. विभागातल्या सहकाऱ्यांचे मत असे, की हे गुणदानाच्या निकषांत बसत नाही.

चौथ्या रात्री 'शेरनी' लावला. अर्धा झाला असेल तोच भाऊ उठला. हरभऱ्याला पाणी द्यायचे होते आणि त्या आठवड्यात शेताची लाइन रात्रीची होती. शिवाय रानडुकरांसाठी जागलीलाही कोणीतरी हवेच. त्याने बॅटरी घेतली, काठी घेतली, आणि खिळ्याला टांगलेला छोटा स्पीकर घेतला. तो कशाला, म्हणून विचारले तर म्हणाला की त्यावर सत्यपाल महाराज लावून ठेवतो, डुकरेही येत नाहीत आणि आपल्यालाही झोप येत नाही. बराच वेळ शिवारातून खंजिरीचा आवाज येत होता. सकाळी चहा घेताना त्याने विचारले, "मारलं काय मंग तिले?"

"मारलं," मी म्हणालो.

"आन् पिल्लं?"

"ती जगली."

"बरं," तो म्हणाला, "उरलेला आज रातच्याला लाव. मले पाह्यचा हाय."